साडेचौदा अंश

मंगळवार, ८ ऑक्टोबर

आदरणीय काका,

आपल्याला पत्र लिहिण्याचा अधिकार मला आहे, असे मी समजत नाही. आपण फोन उचलत नाही याचा अर्थ न कळण्याइतकी मी लहान नाही, आणि तो कळूनही लिहायला बसले आहे, हा सरळसरळ आगाऊपणा आहे. त्याबद्दल आधी क्षमा मागते. पत्र न वाचता बाजूला ठेवलेत तर वाईट वाटेल, पण नवल वाटणार नाही.

शनिवारी मैदानावर जे घडले त्यात माझे चुकले, असे मला म्हणता येत नाही. म्हणता आले असते तर हे पत्र चार ओळींत संपले असते.

कार्यक्रम उघड्यावर असला की रंगमंचावर तापमापक टांगायचा आणि पारा पंधरा अंशांखाली उतरला की कळवायचे, हा वाद्यवृंदाचा नियम आहे आणि ते काम ग्रंथालयाकडे, म्हणजे माझ्याकडे आहे. आतून फुंकरीची ऊब आणि बाहेरून गार हवा अशा ओढाताणीत लाकडी वाद्य तडकते, हे मला आपणच सांगितलेत. आपल्या शेजारी बसलेल्या एका तरुण ओबोवादकाचे वाद्य असे भर कार्यक्रमात तडकले होते आणि त्यानंतर व्यवस्थापनाशी भांड भांड भांडून हा नियम आपणच करून घेतला होतात. तापमापक दिव्याखाली ठेवायचा नाही, वाऱ्याच्या तोंडी ठेवायचा नाही, बसलेल्या वादकाच्या छातीच्या उंचीवर टांगायचा, हेही आपलेच शब्द. मी तो डबलबासच्या मागच्या खांबाला टांगला.

तेव्हा टिंपनीचे नगारे सुरात लावता लावता गडगडकाका मला म्हणाले, "अगं ए पहिला नंबर, तिकडे कुठे अंधारात टांगतेस त्याला? दिव्याजवळ ठेव की. त्यालाही जरा ऊब मिळू दे."

"तिथे चुकीचं दाखवेल."

"मग दाखवू दे ना! आज बरोबर कुणाला हवंय?"

आजूबाजूचे चार-पाच जण हसले. मी तो विनोद समजले. विनोद लक्षात यायला मला नेहमीच वेळ लागतो. हा तर अजूनही नीट लक्षात आलेला नाही.

सिम्फनीचा दुसरा भाग संपला तेव्हा पारा साडेचौदावर होता. मी कळवले. कार्यक्रम थांबला. तिसरा भाग वाजलाच नाही.

पडद्यामागे आपण वाद्य उघडून पुसत होता. मी तापमापक हातात घेऊन समोर उभी राहिले. आपण म्हणालात, "बघू तुझं यंत्र." मी ते पुढे केले. आपण चष्मा कपाळावर सरकवून ते डोळ्यांपाशी नेलेत आणि म्हणालात, "साडेचौदा. अचूक वाचलंस. पैकीच्या पैकी."

शाळेत हे दोन शब्द मी इतक्यांदा ऐकले आहेत की त्यांनी कधी काही दुखेल, असे मला वाटले नव्हते.

शुक्रवार, ११ ऑक्टोबर

काका,

मंगळवारचे पत्र पाठवले नाही. त्याच कागदांना हा जोडते आहे.

घरी आत्याला सगळी हकीकत सांगितली. कार्यक्रमासाठी पाने वाऱ्याने उडू नयेत म्हणून मी तिचे कपडे वाळत घालायचे यच्चयावत चिमटे नेले होते, त्यामुळे ती आधीच तापलेली होती. माझे ऐकून घेतल्यावर म्हणाली, "म्हणजे चार हजार माणसं थंडीत बसली होती, वाजवणारे वाजवायला तयार होते, आणि तू काखेतलं थर्मामीटर काढून सांगितलंस की पेशंट गेला?"

"आत्या, नियम होता."

"नियम होता ना? मग तीन दिवस जेवत का नाहीस?"

परीक्षेत न आलेला प्रश्न सोडून पुढे जायचे असते, एवढेच मला येते.

काल दुपारी धाकटी ग्रंथालयात आली. आपल्यापेक्षा ती वयाने अर्धी आहे आणि आठ वर्षे दुसरे क्लॅरिनेट घेऊन आपल्या डाव्या हाताला बसते आहे. तिच्याशी मी आजवर "सही करा" आणि "आभारी आहे" याखेरीज काही बोलले नव्हते. ती टेबलावरच बसली. टेबलावर बसू नये अशी पाटी आहे, पण मी काही म्हटले नाही.

"काकांशी बोललीस?"

"ते फोन घेत नाहीत."

"बोलणार कसे? सोमवारी दात काढला त्यांचा. वरचा, पुढचा." तिने आपल्या दातावर नख वाजवून दाखवले. "त्याच दातावर सगळा तोल असतो ना. वाद्याचं तोंड तिथेच टेकतं. मे महिन्यापासून हलत होता. डॉक्टर म्हणत होते आज काढा, उद्या काढा. हे म्हणायचे, ऑक्टोबरचा कार्यक्रम होऊ द्या. एवढा तिसरा भाग वाजवतो, मग तुम्ही कवळी बसवा नाहीतर दार बसवा."

"मला माहीत नव्हतं."

"सगळ्यांना माहीत होतं, बाई! गडगडकाका तुला दिव्याचं कशाला सांगत होते?"

तीच पुढे म्हणाली, "नवा दात बसवून पुन्हा तसा सूर काढायला वर्ष जातं. एकसष्टाव्या वर्षी कोण बसतंय वर्षभर घरात पों पों करत!"

काका, दोन वर्षे मधल्या सुट्टीत आपण माझ्या टेबलाशी बसून डबा खाल्लात. मी नोकरीला लागले तेव्हा स्वरलिपीतले ओ की ठो मला कळत नव्हते; त्या पाच रेघा आपण मला उजळणीसारख्या घोकून घेतल्यात. इटालियन शब्द मी देवनागरीत कार्डांवर लिहून पाठ केले. 'डोल्चे' म्हणजे 'गोड' असे लिहिले तेव्हा आपण म्हणालात, "बरोबर, पण अंगाला चिकटणारं गोड नव्हे हं." त्या रशियन संगीतकाराची पहिली सिम्फनी साफ पडली, पुढे कित्येक दिवस त्याच्या हातून काही लिहून होईना, आणि मग कधीतरी ही दुसरी आली, हेही आपणच सांगितलेत; तिच्या तिसऱ्या भागातले क्लॅरिनेटचे ते एकट्याचे लांब गाणे बोलायला घाबरणाऱ्या माणसाने बोलावे तसे सुरू करायचे, असे म्हणालात. गेल्या दोन-तीन महिन्यांत आपण पोळीचे कडेचे तुकडे काढून ठेवत होता आणि मऊ भाग तेवढा खात होता. मी ते रोज समोर बसून पाहिले. आवड बदलली असेल, असे मला वाटले. ग्रंथालयातली स्वरलिपींची चौदाशे पाकिटे कुठे आहेत ते मला डोळे मिटून सांगता येते, आणि समोरचा माणूस एका बाजूने चावतो आहे हे मला दिसले नाही.

रविवार, १३ ऑक्टोबर

काका,

आता ज्या कारणासाठी हे पत्र आपल्यापर्यंत पोचलेच पाहिजे ते लिहिते.

कार्यक्रम पुन्हा होणार आहे. शनिवारी, एकोणीस तारखेला, त्याच मैदानावर, पण दुपारी, ऊन असताना. जुनी तिकिटे चालतील. सिम्फनीचे पार्ट, म्हणजे एकेका वादकाची स्वरलिपीची पाने, भाड्याने आणलेले आहेत, त्यांची मुदत व्यवस्थापकांनी कुरकुरत वाढवून घेतली आहे. आपल्या जागी धाकटी बसेल, तिच्या जागी बाहेरून कुणी येईल.

हे ठरल्याबरोबर धाकटी माझ्याकडे आली आणि म्हणाली, "मला नवाकोरा पार्ट नको. काकांचा दे. त्यांच्या खुणांचा."

आपण शिसपेन्सिलीने प्रत्येक श्वासाची जागा नोंदली होती, हे मला माहीत आहे, कारण तो पार्ट रोज मीच आपल्या स्टँडवर ठेवत असे. मोठ्या श्वासाला मोठा स्वल्पविराम, चोरट्या श्वासाला लहान. एका ठिकाणी चष्म्याचे चित्र होते; इथे कंडक्टरकडे बघायचे, अशी ती खूण. दुसऱ्या ठिकाणी दोन चष्मे होते. मी विचारले तेव्हा म्हणाला होतात, "इथे त्याच्याकडे बघून भागत नाही, दुसऱ्यालाही विचारावं लागतं."

काका, ते सगळे मी खोडले आहे.

भाड्याचे पार्ट परत पाठवताना पेन्सिलीच्या खुणा पुसून पाठवायच्या असतात. कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, मी ग्रंथालय उघडले आणि बसले. पहिल्या व्हायोलिनपासून शेवटच्या तुतारीपर्यंत सगळे पार्ट स्वच्छ केले. आपला सर्वांत चांगला केला. कागदाला चुणीही पडू दिली नाही.

"खोडलंस?" धाकटी म्हणाली. "सगळं?"

"पाठवायची पानं स्वच्छ करावी लागतात."

"त्याच दिवशी पाठवायची होती का?"

"नाही. पंधरवडा होता."

"मग काय घाई होती गं तुला?"

मी खरे ते सांगितले: रविवारी मला घरी बसवेना, आणि हाताला दुसरे काम नव्हते. ती चिडेल असे वाटले होते, चिडली नाही. म्हणाली, "तू म्हणजे ना, घराला आग लागली तर आधी भांडी घासून ठेवशील."

मग आम्ही दोघींनी तो पार्ट खिडकीच्या काचेला लावून पाहिला. पेन्सिल गेली तरी कागदावर दाब राहतो. स्वल्पविराम दिसले, पण एकाच ओळीत सहा-सात. हे पार्ट किती गावांतून, किती क्लॅरिनेटवाल्यांच्या हाताखालून फिरून आले आहेत कोण जाणे. प्रत्येकाने आपापला श्वास कुठेतरी घेतला आहे, प्रत्येक वेळी माझ्यासारख्या कुणीतरी तो खोडला आहे, आणि सगळ्यांचे खळगे एकमेकांत मिसळले आहेत. त्यांतले आपले कोणते, हे मला ओळखता आले नाही. आपले अक्षर मी लाखांत ओळखीन. स्वल्पविराम ओळखता आले नाहीत.

धाकटीने तिथेच वाजवून पाहिले. ते गाणे इतके लांब आहे की श्वास चुकीच्या जागी घेतला तर पुढच्या वळणावर सूर पातळ होतो. तीनदा तिने निरनिराळ्या जागा धरल्या, तिन्ही वेळा शेवटी हवा पुरेना. चौथ्यांदा ती मध्येच थांबली आणि वाद्य मांडीवर ठेवून म्हणाली, "आठ वर्षं मी त्यांच्या खांद्याकडे बघून श्वास घेतलाय. खांदा हलला की घ्यायचा, एवढंच मला येतं. कुठल्या मात्रेला घेतात ते मी कधी मोजलंच नाही. कशाला मोजू? ते होते की."

बुधवार, १६ ऑक्टोबर

काका,

तीन दिवस लिहिले नाही, कारण आता फक्त एकच गोष्ट लिहायची राहिली होती आणि तिच्याभोवती फिरून दुसरे काही लिहिण्यासारखे उरले नव्हते.

वर मी 'मी कळवले' असे लिहिले आहे. पण जेवढे लिहिले तेवढे अपुरे आहे. कुणाला कळवले, ते मी सांगितले नाही. आपल्याला ते ठाऊक आहे. का, ते ठाऊक नाही.

नियमात असे आहे की पारा उतरल्यास ते वादकांच्या प्रतिनिधीला कळवावे, आणि थांबायचे की वाजवायचे हे लाकडी वाद्यांच्या वादकांनी आपसांत ठरवावे. प्रतिनिधी आपणच. मी येऊन कानात सांगितले असते तर आपण गडगडकाकांकडे पाहिले असते, ओबो-बासरीवाल्यांकडे पाहिले असते, वाद्य दोन्ही हातांत धरून जरा ऊब दिली असतीत आणि मला म्हणाला असतात, "बरं, जा आता." एवढेच झाले असते. कायदेशीरपणे, नियमाला धरून झाले असते.

पण आपण रंगमंचाच्या ऐन मध्यावर होता. खांबापासून आपल्या खुर्चीपर्यंत जायचे तर व्हायोलांच्या मागून, दिव्यांच्या झोतातून, चार हजार माणसांच्या समोरून जावे लागले असते. दोन भागांच्या मधली ती शांतता. कुणी खोकले तरी ऐकू जाईल अशी. मी एक पाऊल टाकले. पहिल्या रांगेतल्या एका बाईंनी माझ्याकडे पाहिले. मी मागे आले. व्यवस्थापक माझ्या शेजारीच अंधारात उभे होते, म्हणून मी त्यांना सांगितले.

त्यांना वाद्याची नुकसानभरपाई आठवली असावी. त्यांनी कंडक्टरला हात केला, स्वतः ध्वनिक्षेपकापाशी गेले आणि साऱ्या मैदानाला सांगितले की वादकांनी स्वतःच करून घेतलेल्या नियमानुसार कार्यक्रम इथेच थांबवावा लागत आहे. त्यानंतर आपण उठून "आम्ही वाजवतो" म्हणणे शक्य नव्हते. आपल्याच नियमाला आपणच पहिले तोंडघशी पाडायचे, ते आपण कधीच केले नसते. लोक उठू लागले. आपण क्लॅरिनेट मांडीवर आडवे ठेवून बसला होता. मी खांबापाशी होते. तिथून मला आपली पाठ दिसत होती.

नियम मला पाठ होता. मी नियमामुळे तसे केले, असे मी आठवडाभर सगळ्यांना सांगितले, आणि व्यवस्थापकांनी तर चार जणांत माझे कौतुकही केले. मी लाजले, एवढेच खरे आहे. मला लोकांनी पाहू नये, म्हणून आपला तिसरा भाग गेला. लहानपणापासून मला सगळे 'शांत, गुणी मुलगी' म्हणत आले. तो गुण असता तर त्याने कुणाचे असे नुकसान केले नसते.

क्षमा करा असे म्हणत नाही. गेलेला दात आणि गेलेली संध्याकाळ, दोन्ही मला परत आणता येत नाहीत. पण एक मागणे आहे, आणि ते माझ्यासाठी नाही.

काल तालमीनंतर धाकटी कंडक्टरपाशी गेली; मीही गेले. तिने सांगितले, "काकांनी नुसतं माझ्या शेजारी बसावं. वाद्य नको, काही नको. त्यांनी श्वास घ्यावा, मी बघून घेईन."

व्यवस्थापक म्हणाले, "न वाजवणारा माणूस मंचावर कसा बसवणार? पाहुण्यांच्या रांगेत मानाने बसवू की."

गडगडकाका टिंपनीवरूनच ओरडले, "साहेब, मी तिसऱ्या भागात अर्धा वेळ न वाजवताच बसतो. मलाही घाला मग पाहुण्यांत!"

कंडक्टर हसले, आणि मग म्हणाले, "ते येत असतील तर खुर्ची ठेवा. पण येतील का?" सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. मला वाटते, आपल्या डब्याशी मी बसत असे म्हणून. मी म्हटले, "मी विचारते."

तर विचारते. शनिवारी दुपारी तीन वाजता. पहिले दोन भाग आपण मैदानात कुठेही बसून ऐका, झाडाखाली, मागे, जिथे मन लागेल तिथे. किंवा ऐकूही नका आणि मग या. दात नाही म्हणून संकोच वाटत असेल, तर धाकटी म्हणते की तिला फक्त खांदा हवा आहे. मी समोर नको असेन, तर कार्यक्रम संपेपर्यंत आपल्याला माझे तोंड दिसणार नाही अशी व्यवस्था करीन. मात्र एवढे एकदा दिसेल, त्याला माझा इलाज नाही.

दुसरा भाग संपला की आपली खुर्ची मंचावर न्यायची आहे. व्यवस्थापकांनी ते काम मंचावरच्या एका कामगाराला सांगितले होते. मी ते मागून घेतले. व्हायोलांच्या मागून, झोत नसले तरी लख्ख उन्हातून, सगळ्यांच्या देखत मला ती खुर्ची धाकटीच्या उजव्या हाताला नेऊन ठेवायची आहे. आज दुपारी रिकाम्या मैदानावर एकदा नेऊन पाहिली. समोर कुणी नव्हते, फक्त आत्या होती. ती चिमटे मोजून परत न्यायला आली होती. तरी माझा पाय अडखळला. आत्या म्हणाली, "खुर्चीच आहे ती, देव्हारा नव्हे. नीट धर."

आपण नाही आलात तरी मी खुर्ची नेणार आहे. मग ती भागभर तशीच राहील, धाकटी स्वतःच्या जागा स्वतः शोधील, आणि रिकामी खुर्ची कुणी आणून ठेवली हे सगळ्या मैदानाला माहीत असेल. ते मी धरून चालले आहे. आपण त्याचे ओझे घेऊन येऊ नये, म्हणून हे स्पष्ट लिहिते.

हे सगळे कागद एका पाकिटात घालून उद्या कामावर जाताना आपल्या दारातल्या पेटीत टाकीन. घंटा वाजवणार नाही, असे लिहिणार होते. पण वाजवीन, एकदाच. दार उघडावे म्हणून नव्हे. पाकीट आले आहे, हे कळावे म्हणून.

आपली,
ग्रंथालयातली

गुरुवार, १७ ऑक्टोबर, सकाळी आठ वाजून वीस मिनिटे, आपल्या दारात.